कागदावरचे रणगाडे



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आयटीआयमध्ये फिटर आणि टर्नर ट्रेडच्या मुलांना शिकवायचे. कुणी कितीही देखणं ड्रॉइंग पुढे ठेवलं तरी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "जॉब धरणार कुठं?" तुकडा चकमध्ये किंवा व्हाइसमध्ये पकडताच येत नसेल तर कापणार कसा, एवढाच त्याचा अर्थ. आज हाच प्रश्न घेऊन मी इतिहासातल्या काही मोठ्या माणसांकडे जाणार आहे. त्यांनी लढाईसाठी गाड्या योजल्या, कागदावर काढल्या, राजांना आणि मंत्र्यांना दाखवल्या.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, ज्यांना बस पकडायची आहे त्यांची सोय होईल. लढाईच्या गाडीची कल्पना सुचायला कधी कुणाला अडचण आली नाही. ती दोन हजार वर्षं सुचतेच आहे. घोडं पेंड खातं ते दात्यांपाशी, कड्यांपाशी, वजनापाशी आणि बिलापाशी. या चार गोष्टी ज्यांच्या हातात होत्या त्यांची गाडी रस्त्यावर आली, आणि नावही बहुधा त्यांचंच राहिलं. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण, तळेगाव या पट्ट्यात याच चार गोष्टींवर घरोघरच्या चुली पेटतात, म्हणून हा विषय इथे.

सुरुवात आपल्याकडूनच करू. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, दुसऱ्या अधिकरणात, आयुधागाराध्यक्षाचा एक अध्याय आहे. त्यात यंत्रांचे दोन वर्ग येतात, स्थितयंत्रं आणि चलयंत्रं. चलयंत्रांत पांचालिक, देवदंड, सूकरिका, हस्तिवारक, शतघ्नी अशी भारदस्त नावं आहेत. ही यादी वाचून पुष्कळांची छाती फुगते आणि 'आपल्याकडे सगळं होतं' या धर्तीची भाषणं सुरू होतात. पण मूळ ग्रंथात नावांपलीकडे फारसं काही नाही. वर्णनं दिली ती नंतरच्या टीकाकारांनी, आणि त्यांच्या मते पांचालिक म्हणजे खंदकाच्या पाण्यात टाकायची खिळ्यांची मोठी फळी. गाडी नव्हेच.

मला त्या अध्यायात वेगळंच काही आवडतं. अध्यक्षाने ही सामग्री त्या त्या कामातल्या जाणत्या कारागिरांकडून करून घ्यावी, आणि काम किती, मुदत किती, मजुरी किती आणि हाती काय यायला हवं हे आधी ठरवून घ्यावं, अशी तिथे सुरुवात आहे. झाल्यावर माल एका जागी पडू देऊ नये, वरचेवर हलवावा, ऊन-वारा दाखवावा. हे लिहिणाऱ्या माणसाने स्टोअर्सचा वास घेतलेला आहे. परचेस ऑर्डर आणि प्रिझर्व्हेशन या दोन्ही खात्यांचं मूळ त्याने दोन-चार ओळींत सांगून टाकलंय, आणि आपण मात्र शतघ्नी शतघ्नी करत बसतो.

जैन आगमांत अजातशत्रूच्या वैशालीवरच्या स्वारीत रथमुसल नावाचं यंत्र येतं. घोडा नाही, सारथी नाही, मुसळ बांधलेला रथ आपोआप धावतो आणि माणसं चिरडतो. कल्पना म्हणून भन्नाट. अकराव्या शतकात भोजराजाच्या नावावर असलेल्या समरांगणसूत्रधारात यंत्रांचा स्वतंत्र अध्याय आहे. तिथे तर ग्रंथकार स्पष्ट सांगतो की घडवण्याची रीत दिलेली नाही ती अज्ञानामुळे नव्हे, गुप्तता राहावी म्हणून. असेलही तसं. पण ज्या ड्रॉइंगवर मापं नाहीत त्या ड्रॉइंगवर मी सही करणार नाही, आणि तुमच्यातलं क्वालिटीतलं कुणीही करणार नाही.

मापं असलेलं काम बघायचं तर अकबराच्या दरबारात जावं लागतं. फतहुल्ला शिराझी हा इराणी विद्वान आधी विजापूरला आदिलशाहीत होता, तिथून अकबराकडे गेला. त्याच्या आणि बादशहाच्या नावावर ज्या युक्त्या नोंदल्या गेल्या त्यांत एक गाडी आहे, जी चालता चालता धान्य दळते. दुसरी युक्ती सुट्या भागांच्या तोफेची, म्हणजे कूच करताना ती खोलायची आणि मुक्कामावर जोडायची. तिसरी, बैलाने फिरणारं चाक, ज्यावर अनेक बंदुकांच्या नळ्या एकदम साफ होतात. यात शत्रूला चिरडणारं काही नाही. पण लष्कराला पीठ लागतं, वजन वाहावं लागतं, नळ्या घासाव्या लागतात, हे ज्याला कळलं त्याला लष्करी वाहन कळलं असं मी म्हणेन. त्याच काळात आपल्या दख्खनमध्ये अडचण दुसऱ्या टोकाची होती. अहमदनगरात १५४९ मध्ये मलिक-ए-मैदान ओतली, जवळजवळ पंचावन्न टनांची. पुढे ती विजापूरला न्यायची तर बैल आणि हत्तींची रांग जुंपावी लागली. तोफ ओतणारे होते, ती ओढणारी गाडी नव्हती. मराठ्यांनी उंटावर सुतरनाळा आणि हत्तीवर गजनाळा चढवून त्यावर आपल्यापुरता तोडगा काढला. पानिपताला जाताना मात्र जड तोफखाना बैलांच्या चालीनेच गेला, आणि मल्हारराव होळकरांची त्यावरची कुरकुर बखरींनी जपून ठेवली आहे.

आता युरोपात जाऊ. १३३५ मध्ये गुइदो दा व्हिजेव्हानो नावाच्या वैद्याने फ्रान्सच्या राजासाठी एक पुस्तक लिहिलं. राजाला धर्मयुद्धाला जायचं होतं. गुइदोने पवनचक्कीच्या पंखांवर चालणारी युद्धगाडी काढून दिली. ती चालली नसतीच, सोडा. पण त्याच पुस्तकात बुरूज आणि पूल सुट्या भागांत बनवायचे, घोड्यांवर लादायचे आणि पोचल्यावर लोखंडी जोडांनी उभे करायचे, ही योजना आहे. आपल्याकडे पेट्यांतून सुटे भाग आणून गाड्या जोडायच्या धंद्याला सीकेडी म्हणतात. त्याचा हा चौदाव्या शतकातला पूर्वज. धर्मयुद्ध झालं नाही, पुस्तक राहिलं.

लिओनार्दो दा विंचीपाशी थोडं थांबायला हवं. १४८२ च्या सुमारास त्याने मिलानच्या लुदोव्हिको स्फोर्झाकडे नोकरीसाठी पत्र लिहिलं. त्यात त्याने आपली चित्रकला अगदी शेवटी उल्लेखली आहे. सुरुवात हलक्या, वाहून नेता येणाऱ्या पुलांनी, आणि पुढे शत्रूच्या तोफांना न जुमानणाऱ्या झाकलेल्या गाड्या. या गाडीचं चित्र ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, साधारण १४८५ चं. शंकूच्या आकाराचं छप्पर, भोवताली तोफांची तोंडं. शेजारी छप्पर काढून आतली रचना दाखवली आहे, आणि तिथेच खरी मजा आहे. चार चाकं, त्यांना खुंट्यांचे दाते, त्या दात्यांत अडकणारे पिंजऱ्यासारखे पिनियन, आणि आठ माणसांनी फिरवायचे हँडल. चित्रात दाखवलंय तसं जोडून हँडल फिरवला तर पुढची चाकं पुढे जातात आणि मागची मागे. गाडी जागच्या जागी ताणली जाते, बस.

यावर दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, लिओनार्दोने चूक मुद्दाम ठेवली, चोराने चित्र पळवलं तरी उपयोग होऊ नये म्हणून. दुसरा म्हणतो, नजरचूक. मी दुसऱ्या पक्षात आहे. ही चूक भोसरीतला कुठलाही फिटर असेंब्लीच्या पहिल्या तासात पकडेल आणि पिनियन चाकाच्या दुसऱ्या बाजूला घेऊन मोकळा होईल. लिओनार्दोला ती सापडली नाही कारण गाडी कधी असेंब्लीपर्यंत गेलीच नाही. आणि गेली असती तरी तोफा, जाड लाकूड आणि त्यावरचा पत्रा मिळून जे वजन होतं, ते आठ माणसांच्या दंडांनी शेतातून हललं नसतं. त्याच्यासारख्या बुद्धीच्या माणसाला वजन कळत नव्हतं असं कोण म्हणेल? त्याच्याकडे इंजिन नव्हतं, एवढंच.

इंजिन आलं ते १७६९-७० मध्ये, फ्रेंच लष्करातल्या निकोला-जोसेफ क्यूनोच्या तीनचाकीवर. काम, तोफा ओढणं. भला मोठा बॉयलर पुढच्या एकुलत्या चाकावर टांगलेला, त्यामुळे तोंड जड आणि वळण अवघड. वेग माणसाच्या चालण्याएवढा, आणि पंधरा-वीस मिनिटांनी वाफ संपली की थांबून पुन्हा तयार करायची. ही गाडी पॅरिसच्या संग्रहालयात अजून आहे. तिच्यात सुधारणा होऊ शकली असती. पण पाठीराखा मंत्री श्वाझल याचं मंत्रिपद १७७० च्या डिसेंबरात गेलं आणि प्रकरण थंडावलं. मंत्री बदलला की फाइल कुठे जाते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

यानंतर एक गृहस्थ असे येतात ज्यांचा धागा हिंदुस्थानातून जातो, आणि त्यांचं नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. रुक्स एव्हलिन बेल क्रॉम्प्टन. विजेच्या धंद्यातले लोक क्रॉम्प्टन म्हटलं की पंखा आणि मोटर ओळखतील, तेच हे. शाळेत असताना सुट्टीत त्यांनी वाफेची एक गाडी बांधायला घेतली होती, तिचं नाव ब्लूबेल. १८६४ मध्ये रायफल ब्रिगेडचे अधिकारी म्हणून ते हिंदुस्थानात आले आणि ब्लूबेलही मागवून घेतली. तेव्हा ग्रँड ट्रंक रोडवर माल आणि माणसं बैलगाड्यांच्या तांड्यांनी जात. तरुण क्रॉम्प्टननी वर अर्ज केला की हे काम रस्त्यावरच्या वाफेच्या इंजिनाने करता येईल. व्हाइसरॉय लॉर्ड मेयोंच्या काळात त्याला होकार मिळाला.

इंजिनं निवडली ती एडिंबरोच्या आर. डब्ल्यू. थॉमसन यांच्या धर्तीची. थॉमसननी हवेच्या टायरचं पेटंट १८४५ मध्येच घेतलं होतं, डनलॉपच्या कितीतरी आधी. या गाड्यांना मात्र घन रबराचे जाड टायर होते. लोखंडी चाक खडीचा रस्ता फोडतं, रबर फोडत नाही आणि पकडही धरतं. त्यांतलं एक इंजिन १८७१ मध्ये इप्सविचहून एडिंबरोला रस्त्याने नेऊन तपासलं गेलं, आणि मग गव्हर्न्मेंट स्टीम ट्रेन या नावाने हा तांडा पंजाबात चालला. इंजिनं चालली, टायर टिकले. पण तोवर रेल्वेचे रूळ पुढे सरकत होते आणि रस्त्यावरच्या आगगाडीची सरकारला गरज उरली नाही.

पुढची गंमत अशी की हेच क्रॉम्प्टन १९१५ मध्ये, सत्तरीला टेकलेले असताना, ब्रिटिश नौदलाच्या लँडशिप्स कमिटीचे सल्लागार अभियंता झाले. म्हणजे ज्या कमिटीतून रणगाडा निघाला त्या टेबलावर ग्रँड ट्रंक रोडचा अनुभव बसलेला होता. त्यांनी दोन तुकड्यांची, मध्ये सांधा असलेली लांब गाडी सुचवली. ती घेतली गेली नाही, आणि त्याच वर्षी ते बाजूला झाले.

मधली काही वर्षं भराभर ओलांडतो. १८९९ मध्ये फ्रेडरिक सिम्स या हॅम्बर्गला जन्मलेल्या इंग्रजाने चारचाकी सायकलवजा गाडीवर मॅक्झिम बंदूक बसवून दाखवली, आणि १९०२ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला चिलखती वॉर कार उभी केली. साडेआठ मीटर लांबीची, डाइमलर इंजिनाची. तोवर बोअर युद्ध संपत आलं होतं, गिऱ्हाईक उरलं नव्हतं. पण हाच सिम्स रॉबर्ट बॉशकडे एक तीनचाकी घेऊन गेला होता आणि तिच्यावर बॉशचा मॅग्नेटो १८९७ मध्ये बसला. चाकणच्या पाट्यांवर तुम्ही रोज बॉश वाचता, मर्सिडीज (म्हणजे डाइमलरचंच घराणं) वाचता; त्या दोन्ही घराण्यांचा मध्यस्थ हा चिलखती गाडीवाला. त्याच सुमारास डाइमलरचा मुलगा पाउल याने ऑस्ट्रियात चारही चाकांना ड्राइव्ह आणि वर फिरता बुरूज असलेली गाडी केली. आजच्या चिलखती गाडीचे बहुतेक गुण तिच्यात होते. १९०६ च्या कवायतीत सम्राट फ्रान्झ जोसेफ यांच्यासमोर ती आणली तेव्हा अधिकाऱ्यांचे घोडे बुजले आणि गाडी नापास झाली, असं सांगतात.

रणगाड्याच्या जन्माची गोष्ट मी दोन माणसांतून सांगेन. लान्सलॉट द मोल, ऑस्ट्रेलियातला ड्राफ्ट्समन. खडबडीत मुलखात काम करताना त्याला साखळीपट्ट्यावर चालणाऱ्या गाडीची कल्पना सुचली. १९१२ मध्ये त्याने ड्रॉइंग लंडनच्या वॉर ऑफिसला पाठवलं. नकार आला. युद्ध सुरू झाल्यावर पुन्हा पाठपुरावा केला, पुन्हा तेच. शेवटी तो साधा शिपाई म्हणून भरती होऊन लंडनला पोचला आणि आपलं मॉडेल दाखवत फिरला. युद्धानंतर, १९१९ मध्ये, शोधकांना बक्षिसं देणाऱ्या रॉयल कमिशनने मान्य केलं की या माणसाने १९१२ मध्येच प्रत्यक्षात येण्याजोगा उत्तम आराखडा दिला होता. पण वापरात आलेल्या रणगाड्याशी त्याचा संबंध नाही, म्हणून बक्षीस नाही. खर्चापोटी ९८७ पौंड मिळाले आणि मानद कॉर्पोरलची पट्टी.

दुसरा माणूस विल्यम ट्रिटन. लिंकन गावात विल्यम फॉस्टर आणि कंपनी नावाचा शेतीची यंत्रं बनवणारा कारखाना होता, मळणीयंत्रं वगैरे. ट्रिटन त्याचा संचालक आणि वॉल्टर विल्सन त्याचा जोडीदार. १९१५ च्या उन्हाळ्यात त्यांना लँडशिप्स कमिटीचं काम मिळालं. पहिली गाडी उभी राहिली आणि एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीवर अडली. अमेरिकेहून मागवलेले साखळीपट्टे होते. गाडी खंदकावर आली की पट्टा खाली लोंबायचा आणि परत जमिनीला लागताना रोलरवरून सुटायचा. जगातल्या पहिल्या रणगाड्याची अडचण काय, तर पट्टा उतरतो! ट्रिटननी कड्यांची रचनाच बदलली. दाबून काढलेल्या पोलादी पट्ट्या, त्या ओतीव कड्यांना रिव्हेटने जोडलेल्या, आणि कडीलाच अशी खाच की ती चौकटीच्या कडेला धरून राहील, खाली पडणारच नाही. सप्टेंबर १९१५ मध्ये ही कडी जमली. १५ सप्टेंबर १९१६ ला, म्हणजे जेमतेम एका वर्षात, सोमच्या आघाडीवर फ्लेर-कूर्सलेतला रणगाडे लढाईत उतरले. नेमलेल्या ४९ पैकी ३२ सुरुवातीच्या रेषेपर्यंत पोचले, बाकीचे वाटेत बिघडले किंवा रुतले. कमिशनने ट्रिटन आणि विल्सन यांना मिळून १५,००० पौंड दिले.

द मोलवर अन्याय झाला का? झाला, आणि तो कागदपत्रं पुढे न सरकवणाऱ्या कचेरीने केला. पण ट्रिटनना मिळालेले पैसे मला फुकटचे वाटत नाहीत. द मोलच्या ड्रॉइंगमध्ये पट्टा होता. लोंबणारा पट्टा चिखलात सुटल्यावर काय करायचं ते फक्त चिखलातच कळतं, आणि तिथून दुसऱ्या दिवशी सकाळी नवी कडी ओतायला ज्याची फाउंड्री आहे त्यालाच ते कळण्याचा उपयोग.

जीपची कहाणी याहून कडवट आहे, आणि आपल्या घराजवळची. जुलै १९४० मध्ये अमेरिकन लष्कराने १३५ कंपन्यांना विचारणा केली. चारचाकी ड्राइव्हची छोटी गाडी हवी, वजन १,३०० पौंड, आणि नमुना ४९ दिवसांत. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या अमेरिकन बॅन्टम या बुडत्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या बाहेरच्या डिझायनरला बोलावलं, पैसे ऑर्डर मिळाल्यावर देऊ या बोलीवर. त्याने दोन दिवसांत आराखडा काढला. वजनाची अट कुणालाच पाळता येणार नाही हे त्याला पहिल्या दिवशीच दिसलं होतं. २३ सप्टेंबरला मुदत संपायला अर्धा तास असताना गाडी लष्कराच्या कॅम्प होलाबर्डच्या फाटकात शिरली. चाचणीत ती पास झाली. मग लष्कराने बॅन्टमची ड्रॉइंग विलिस आणि फोर्ड यांच्या हाती दिली, कारण बॅन्टमची कुवत छोटी. युद्धात सहा लाखांवर जीप झाल्या, त्यांत बॅन्टमच्या पावणेतीन हजारांच्या आत. उरलेल्या युद्धकाळात त्या कंपनीने ट्रेलर बनवले.

आमच्याकडे जीप आली ती विलिसच्या नावाने. महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत सुट्या भागांतून ती जोडायला सुरुवात केली, आणि आज चाकणला त्यांचा केवढा कारखाना आहे ते तुम्ही पाहताच. प्रॉब्स्टचं नाव इथल्या किती ड्रॉइंग ऑफिसांत ठाऊक असेल? विलिसच्या बाजूने एक सांगायला हवं की बार्नी रूसचं ६० अश्वशक्तीचं इंजिन बॅन्टमच्या इंजिनापेक्षा खूपच सरस होतं. पण गाडीची मूळ मांडणी बटलरची.

आणि आकुर्डी. टेम्पो हा शब्द आपण कुठल्याही छोट्या मालगाडीला वापरतो; मुळात ती हॅम्बर्गच्या फिडाल आणि पुत्र कंपनीची छाप. १९५८ मध्ये नवलमल फिरोदियांनी त्यांच्याशी करार करून बजाज टेम्पो काढली आणि हॅन्सिट ही तीनचाकी रस्त्यावर आणली. फिरोदिया हे अहमदनगरचे वकील, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेले. बाजारपेठेतून भाजी वाहणारी ती गाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिच्या आईबापांनी १९३६ मध्ये काय केलं होतं ते सांगितलं तर पटणार नाही. फिडालचे अभियंते ऑटो डाउस यांनी टेम्पो जी १२०० नावाची लष्करी गाडी काढली. तिला दोन इंजिनं, एक पुढे, एक मागे. प्रत्येक इंजिन साधारण ६०० सीसीचं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक. पुढचं पुढची चाकं फिरवायचं, मागचं मागची. चारही चाकं स्टिअरिंगला वळायची. सपाट रस्त्यावर एक इंजिन बंद ठेवा, चढ आला की दुसरं लावा, एकाला गोळी लागली तर दुसऱ्यावर घरी या.

मला हे डिझाइन फार आवडतं. डाउसकडे चारचाकी ड्राइव्हसाठी ट्रान्सफर केस, लांब शाफ्ट, मोठं इंजिन यांतलं काही नव्हतं. तीनचाकीचं छोटं इंजिन मात्र रोज ढिगाने निघत होतं. मग तेच दोनदा वापरलं. शॉपमध्ये जे आहे त्यातूनच गाडी काढायची ही बुद्धी लिओनार्दोच्या वहीत सापडत नाही. स्वीडनसारख्या देशांच्या लष्करांनी ती घेतली. अर्थात दोन कार्ब्युरेटर, दोन क्लच, दोन गिअरबॉक्स जुळवत बसणाऱ्या मेकॅनिकचं मत मी विचारलेलं नाही. पुढे बजाज टेम्पोची फोर्स मोटर्स झाली, आणि २०२५ मध्ये संरक्षण दलांसाठी २,९७८ गुरखा गाड्यांची ऑर्डर तिला मिळाली.

याच्या अगदी उलटं उदाहरण फर्डिनांड पोर्शे यांचं. चाकणच्या फोक्सवागनमध्ये त्यांचा फोटो असेल-नसेल, पण बीटल त्यांचीच. १९४२ मध्ये टायगर रणगाड्याच्या स्पर्धेत त्यांनी पेट्रोल इंजिनावर जनरेटर आणि त्याच्या विजेवर पट्टे फिरवणाऱ्या मोटारी अशी रचना दिली. आज आपण तिला सिरीज हायब्रिड म्हणू. आपलीच निवड होणार या खात्रीने चाचणीआधीच शंभरेक सांगाडे करायला टाकले! इंजिनं तापली, तांबं जर्मनीत मिळेना, आणि काम प्रतिस्पर्धी हेन्शेल कंपनीला गेलं. त्यांतले नव्वदेक सांगाडे मग रणगाडाविरोधी तोफगाड्या करून रशियात कुर्स्कच्या लढाईला पाठवले. ट्रायल व्हायच्या आधी लॉट काढायचा नाही, हे आपल्याकडे कॉन्ट्रॅक्टवरचं पोरगंसुद्धा सांगेल.

आता इथलं. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात जी चाकांची चिलखती गाडी हजारोंनी निघाली तिची चासी कॅनडाच्या फोर्डची, पोलाद टाटांचं आणि वरचं घर रेल्वेच्या वर्कशॉपमधलं. जवान तिला टाटानगर म्हणत. डिझाइन म्हणून साधं, पण हाताशी आहे त्यातून गाडी काढायचा धडा त्याने दिला. फाळणीच्या वेळी रावळपिंडीजवळच्या चकलाल्याहून लष्करी वाहनांची तपासणी संस्था अहमदनगरला आली. तीच आजची व्हीआरडीई. इकडे दिघीजवळ आर अँड डीई इंजिनिअर्स ही लष्करी अभियांत्रिकीची संस्था. लिओनार्दोने पत्रात पहिलं वचन हलक्या पुलांचं दिलं होतं. दिघीच्या संस्थेचा सर्वत्र पूल ट्रकच्या पाठीवरून कात्रीसारखा उघडतो आणि पंधरा-पंधरा मीटरचे पाच तुकडे जोडून ७५ मीटरचा पल्ला गाठतो. बॉम्ब हाताळणारा दक्ष हा जिना चढणारा यंत्रमानवही तिथलाच.

व्हीआरडीई आणि टाटा मोटर्स यांनी मिळून आठचाकी गाडी केली. २०१४ च्या डिफेन्स एक्स्पोत ती केस्ट्रेल नावाने आली. पाण्यातही चालते. तिच्यापासून बनलेली पायदळाची गाडी १२ एप्रिल २०२२ रोजी पुण्यात लष्करप्रमुख नरवणे यांच्या हस्ते लष्करात दाखल झाली, आणि २०२५ मध्ये तिच्यासाठी टाटांचा कारखाना मोरोक्कोत बेरेशिदला सुरू झाला. म्हणजे आता सुट्या भागांच्या पेट्या इथून तिकडे.

कचेरीची बाजू मात्र द मोलच्या काळापेक्षा फार सुधारली आहे असं मी म्हणणार नाही. पायदळाच्या नव्या पट्टेदार लढाऊ गाडीसाठी, जिला एफआयसीव्ही म्हणतात, २०१० मध्ये भारतीय कंपन्यांकडून प्रस्ताव मागवले, नंतर ते मागे घेतले, २०१६ मध्ये पुन्हा मागवले, आणि २०२१ मध्ये १,७५० गाड्यांसाठी पुन्हा नव्याने माहिती मागवली. या अकरा वर्षांत ज्या मुलांनी पहिला आराखडा काढला ती आता मॅनेजर झाली, आणि त्यांच्या हाताखालची पोरं चौथी आवृत्ती काढत असतील. लष्कराच्या अटी बदलतात हे खरं आहे, धोके बदलतात हेही खरं. ड्रोन आल्यावर २०१० चं छप्पर चालणार नाही. पण ट्रिटनची कडी एका वर्षात लढाईत उतरली ती सूचना आणि चाचणी यांच्यात अंतर नव्हतं म्हणून. कड्या आमच्याकडे रोज ओतल्या जातात. चाचणीचं मैदान फायलीच्या पलीकडे आहे.

ज्यांना हे सगळं हाताने चाचपायचं असेल त्यांनी एखाद्या रविवारी अहिल्यानगरचं, म्हणजे जुन्या अहमदनगरचं, कॅव्हलरी टँक म्युझियम पाहून यावं. जुन्या ब्रिटिश चिलखती मोटारीपासून विजयंता रणगाड्यापर्यंत गाड्या तिथे उघड्यावर उभ्या आहेत. फोटो सगळे तोफेपाशी काढतात. तुम्ही खाली वाकून पट्ट्याची कडी, पिन आणि मागचा दातेरी चक्का बघा. १९१५ ची अडचण कुणी कशी सोडवली ते एकेका गाडीवर वेगळं दिसतं.

प्रश्नोत्तरांना वीस मिनिटं आहेत. आठचाकीच्या असेंब्लीवर काम केलेले दोघं-तिघं तिसऱ्या रांगेत बसलेले मला दिसतायत. गिअरबॉक्सचे प्रश्न त्यांना विचारा, राजे-महाराजे माझ्याकडे.